संरक्षित कुळांची नोंदवही

हैदराबाद शहरातील हिमायतनगर या मोहल्ल्याला सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, अर्थात आझम जाह, यांचे नाव मिळालेले आहे. मोहल्ल्याला लागूनच किंग कोठी आहे, जेथे १९६७ च्या फेब्रुवारीत देह ठेवीपर्यंत निजामांचे वास्तव्य होते. आणि खुद्द हिमायतनगरात मख्दूम भवन आहे, जेथे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कार्यालय असून उर्दूचे थोर कवी आणि तेलंगणाच्या शेतकरी लढ्याचे एक पुढारी मख्दूम मोहिउद्दीन यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले गेले. एका वास्तूत राहणारा पुरुष राज्यातील सुमारे दहाव्या हिश्श्याच्या जमिनीचा खाजगी धनी होता. दुसऱ्या वास्तूला ज्याचे नाव आहे त्याच्या पक्षाने जमीनदारांच्या गढ्यांवर चाल करून कुळांना जमिनी वाटल्या होत्या. या दोन घरांमधले अंतर पायी चालत सहज संपते, परंतु त्या अंतरात हैदराबाद संस्थानातील जमिनीचा अर्धशतकाचा इतिहास सामावलेला आहे, आणि त्यात मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांचा इतिहासही येतो, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरता कामा नये.

जमीनसुधारणा यशस्वी झाली की फसली याचा निवाडा करताना आपण बहुधा किती कायदे झाले, किती एकर वाटले, किती मध्यस्थ नाहीसे झाले यांची मोजदाद करतो. ही मोजदाद आवश्यक आहे, पण तेवढ्याने निवाडा होत नाही. सरकारने ज्याचे नाव कसणारा म्हणून दप्तरात लिहिले तो मनुष्य दहा-वीस वर्षांनंतर त्याच शेतात उभा आहे काय, आणि जुना धनी गेल्यावर त्या शेताची माती व त्याला पाणी देणारा तलाव यांची काळजी वाहण्यास कोणी उरले आहे काय, हे दोन प्रश्न मला अधिक निर्णायक वाटतात. हैदराबादच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी नोंदलेली आहेत. आणि म्हणूनच हे प्रकरण इतर प्रांतांच्या मानाने अधिक बोलके आहे.

संस्थानातील जमिनीची जुनी रचना गुंतागुंतीची होती. सुमारे तीन-पंचमांश मुलूख दिवाणी अथवा खालसा, म्हणजे सरकारच्या प्रत्यक्ष वसुलीखाली असे. सुमारे एक-दशांश सर्फ-ए-खास, म्हणजे निजामांची खाजगी मालमत्ता. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्याचा मोठा भाग आणि राजधानीभोवतीचा अतराफ-ए-बल्दा हा जिल्हा यांतच मोडत असे. उरलेल्या सुमारे तीन-दशांशात पायगा, जहागिरी, संस्थाने, मक्ते, अग्रहार आणि नाना प्रकारची इनामे होती. गदवाल व वनपर्ती यांसारखी तेलुगू संस्थाने, आसमानजाही, खुर्शीदजाही व विकारुल्उमरा या तीन पायगा, सालारजंगांची इस्टेट, आणि त्यांच्याच पंक्तीत रायरायान व राव रंभा निंबाळकर यांची मराठी घराणी अशी ही मांडणी असल्यामुळे जहागीरदारी म्हणजे एका धर्माची वा एका भाषेची मिरास होती, हा समज मुळातच चुकीचा ठरतो. जहागिरीत सारावसुली जहागीरदाराची, कित्येक ठिकाणी पोलीस व न्यायही त्याचाच. आणि खालशात रयतेला जी तुटपुंजी दाद मिळे तीही जहागिरीतील रयतेला मिळणे दुरापास्त असे.

खालशात तरी सुख होते काय? १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी मक्तेदारांकरवी होणारी सारावसुली बंद करून १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत रचना, केली, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. ही सुधारणा कागदोपत्री उत्तम होती. परंतु ज्या देशमुख-देशपांड्यांचा वसुलीचा हक्क गेला त्यांना रोख रुसूम तर मिळालाच, शिवाय नवी मोजणी होत असताना गावचे दप्तर त्यांच्याच हाती असल्यामुळे, आजवर ज्या जमिनींची ते केवळ वसुली करीत त्यांपैकी उत्तम जमिनींचे पट्टे त्यांनी आपल्या नावे करून घेतले. पिढ्यान्पिढ्या कसणारा रयत यामुळे एका रात्रीत शिकमीदार, म्हणजे दुसऱ्याच्या पट्ट्यावरचे कूळ, झाला. जमिनीवरील सुधारणा दप्तरदाराच्या हाती सोपविली की ती दप्तरदाराच्या घरी जाते, हा अनुभव हैदराबादने एकोणिसाव्या शतकातच घेतला होता, आणि विसाव्या शतकात तो त्याला पुन्हा घ्यावा लागला.

तेलंगणात या देशमुखीला वेठीची जोड होती. धोब्याने कपडे धुवावेत, कुंभाराने मडकी द्यावीत, चर्मकाराने चपला व मोटा शिवाव्यात, सर्वांनी देशमुखाच्या शेतावर आधी राबावे, आणि कर्जात सापडलेल्याने भगेला म्हणून पिढीजात चाकरी करावी, असा तो जाच होता. ४ जुलै १९४६ रोजी जनगाव तालुक्यातील कडवेंडी या गावी विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला, त्यात दोड्डी कोमरय्या हा तरुण पडला, आणि तेथून जो वणवा पेटला तो १९५१ च्या ऑक्टोबरात कम्युनिस्ट पक्षाने लढा मागे घेईपर्यंत विझला नाही. सुमारे तीन हजार गावांत ग्रामराज्ये स्थापन झाली व सुमारे दहा लाख एकर जमीन वाटली गेली, असे त्या चळवळीच्या पुढाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. आकड्यांविषयी मतभेद असू शकेल. पण पुढील सर्व कायद्यांची घाई या वणव्यातून आली हे निर्विवाद आहे. मराठवाड्यात असा सशस्त्र लढा झाला नाही. तेथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा भर रझाकारी जुलमाच्या प्रतिकारावर व सरहद्दीवरील कॅम्पांवर राहिला, आणि कुळाचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर पाहू असे मानले गेले. पुढे घडलेल्या घटनांचा अर्थ लावताना हा फरक ध्यानी ठेवावा लागतो.

१९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या लष्करी राजवटीने जे पहिले मोठे काम हाती घेतले ते जमिनीचे होते. १९४९ च्या फेब्रुवारीत निजामांच्या फर्मानाने सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाले. त्या उत्पन्नाबद्दल निजामांना सालिना पंचवीस लक्ष रुपये देण्याचे ठरले, आणि हे तनख्याच्या पन्नास लक्षांखेरीज होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी नष्ट करणारा विनियम जारी झाला, आणि साडेसहा हजारांच्या आसपास गावे काही आठवड्यांच्या अवधीत सरकारच्या वसुलीखाली आली. जहागीरदार, त्यांचे हिस्सेदार आणि गुजारायाब, म्हणजे पोटगीचे हक्कदार, यांना हप्त्याहप्त्याने भरपाई मिळाली. उत्तर प्रदेशात व बिहारात जमीनदारी निर्मूलनाचे कायदे वर्षानुवर्षे न्यायालयांत अडकून पडलेले असताना हैदराबादेत हे काम इतक्या त्वरेने व इतक्या पूर्णपणे झाले, याचे श्रेय त्या राजवटीला निःसंकोच द्यावयास हवे.

हे यश सोपे का झाले, याचाही विचार करावा लागतो. जहागीरदार हा राजधानीत राहणारा, गावाशी केवळ वसुलीचा संबंध असलेला आणि ज्याच्या पाठीशी उभी असलेली राजसत्ता नुकतीच कोसळली होती असा मनुष्य होता. त्याच्या हाती जमिनीचे उत्पन्न होते, जमिनीचा ताबा नव्हता. त्याला हटविण्यासाठी सरकारला एका वसुली कारकुनाच्या जागी दुसरा बसवावा लागला. शहरात मात्र त्याचा परिणाम खोल झाला. जहागीर कचेऱ्यांतील कारकून, शिपाई, अरब पहारेकरी, आश्रित आणि दूरचे नातलग असा मोठा वर्ग एका वर्षात बेकार झाला, आणि जुन्या हैदराबादच्या देवड्यांची, म्हणजे सरदारी वाड्यांची, जी पडझड पुढील दोन दशकांत दिसून आली तिचे मूळ येथे आहे. या माणसांची दखल सुधारणेच्या हिशेबात क्वचितच घेतली जाते. ती घ्यावयास हवी, कारण त्यांतील बहुसंख्य स्वतः कोणाचे शोषक नव्हते.

खरा कठीण भाग यानंतरचा होता. १० जून १९५० रोजी हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा अमलात आला. जहागिरीच्या कायद्याने वरच्या माणसाला हात घातला होता; या कायद्याला गावातल्या माणसाला हात घालावयाचा होता. जमीन सलग सहा वर्षे कसणाऱ्या कुळास ठरावीक अटींवर संरक्षित कूळ मानावे, त्याची नोंद यादीत करावी, त्याला खंड थकल्यावाचून वा धन्याने जातीने कसण्यासाठी रीतसर मागितल्यावाचून हुसकावता येऊ नये, आणि त्याला जमीन विकत घेण्याचा प्रथम हक्क असावा, अशी त्याची मुख्य कलमे होती. १९५१ मध्ये या याद्या तयार झाल्या. सुमारे सहा लाख कुळे त्यांत आली, आणि राज्याच्या लागवडीखालील जमिनीचा चौथ्या हिश्श्याच्या आसपासचा भाग त्यांच्या नावे कसणुकीस लागला. देशातील कोणत्याही राज्याने इतक्या व्यापक प्रमाणावर कुळाचे नाव लेखी नोंदविण्याचे धाडस तोवर क्वचितच केले होते. मुख्यमंत्री वेल्लोडी यांच्या मंत्रिमंडळात महसूल खाते सांभाळणारे आणि १९५२ साली मुख्यमंत्री झालेले बुर्गुल रामकृष्णराव यांच्या अंगावर या अंमलबजावणीचा भार पडला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, तेलुगू, उर्दू, फारसी, मराठी या भाषांत वावरणारे हे गृहस्थ विद्वान व सज्जन होते, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास मला जागा दिसत नाही.

याद्या तयार होत असतानाच विनोबा या प्रदेशात आले. शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी ते वर्ध्याहून पायी आले होते, आणि संमेलन आटोपल्यावर कम्युनिस्टांच्या व पोलिसांच्या कचाट्यात सापडलेल्या नलगोंडा जिल्ह्याकडे वळले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत चाळीस हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, आणि वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी सभेतच शंभर एकर देऊ केली. येथे भूदानाचा जन्म झाला. त्या यात्रेत तेलंगणात सुमारे बारा हजार एकर भूमी मिळाली. या घटनेतील नैतिक उंची मला आजही स्पर्शून जाते. तथापि सहा लाख कुळांच्या जमिनीपुढे बारा हजार एकर म्हणजे काय, याचे गणित कोणालाही करता येईल. आणि ज्या जिल्ह्यांत विनोबा दान मागत होते त्याच जिल्ह्यांत, त्याच महिन्यांत, कुळे यादीत चढत होती आणि तितक्याच वेगाने शेतांवरून उतरत होती.

कशी उतरत होती, हे उस्मानिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ अली मोहम्मद खुसरो यांनी शोधून काढले. जहागीरदारी निर्मूलन व जमीनसुधारणा यांच्या आर्थिक-सामाजिक परिणामांवरील त्यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला, आणि आपल्या देशातील जमीनसुधारणेच्या मूल्यमापनाचा तो एक आद्य व प्रामाणिक नमुना होय. त्यांनी कायद्याचा हेतू काय होता हे विचारले नाही. १९५१ च्या यादीतील कूळ चार वर्षांनंतर कोठे आहे हे विचारले. उत्तर असे मिळाले. दर शंभर संरक्षित कुळांपैकी सुमारे पंचेचाळीस तेवढी अद्याप संरक्षित कुळे म्हणून जमिनीवर होती. सुमारे बारांनी जमीन विकत घेतली होती. कायदेशीर मार्गाने हुसकावलेली जेमतेम अडीच. बेकायदा हुसकावलेली बावीस. आणि सुमारे अठरांनी आपण होऊन, स्वखुशीने, जमीन सोडली होती.

स्वखुशीच्या या राजीनाम्यांपाशी थोडे थांबावयास हवे. ज्याला पिढ्यान्पिढ्यांनंतर प्रथमच कायद्याने जमिनीवर हक्क मिळाला, असा मनुष्य चार वर्षांच्या आत तहसीलदारापुढे उभा राहून आपल्याला ही जमीन नको असे लिहून देतो, हे मनुष्यस्वभावाला धरून नाही. परंतु त्या मनुष्याचे घर धन्याच्या जागेवर बांधलेले असते. बियाणे, बैल आणि पावसाळ्यापूर्वीचे धान्य धन्याकडून उसने येते. मुलीच्या लग्नाचे कर्ज धन्याच्या वहीत असते. आणि पटवारी धन्याच्या ओसरीवर बसून पहाणी पत्रक भरतो. अशा माणसाच्या अंगठ्याला खुशी म्हणणे हे दप्तराचे सौजन्य झाले. बेकायदा हकालपट्टीचेही मार्ग असेच साधे होते. कुळाला एका गट क्रमांकावरून काढून दुसऱ्यावर न्यावयाचे म्हणजे सलग वर्षे तुटत. कसणाऱ्याला सालगडी म्हणून दाखवावयाचे म्हणजे तो कूळच राहत नसे. लावणीपूर्वी जमीन खुदकाश्तीला, म्हणजे धन्याला जातीने कसावयास, लागते असे सांगून दोन हंगाम नांगर फिरवू द्यावयाचा नाही, आणि नंतर पुन्हा त्याच माणसाला बटईवर बोलवावयाचे, मात्र या वेळी तोंडी. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला अखेरीस असा आग्रह धरावा लागला की महसूल अधिकाऱ्याने खातरजमा केल्याविना कोणताही राजीनामा वैध मानू नये. ही सावधगिरी आली तोवर राजीनामे दिले गेले होते.

हे केवळ हैदराबादचे वैगुण्य होते असेही नाही. १९४८ च्या मुंबई कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनी केली, आणि तिचा १९५७ मधील निष्कर्षही कुळांना संरक्षणाचा प्रत्यक्ष लाभ फार थोडा झाल्याकडेच बोट दाखवितो. दोन निराळ्या राज्यांत, दोन निराळ्या अभ्यासकांनी, जवळजवळ एकाच वेळी हाच अनुभव नोंदवावा, याला मी योगायोग मानत नाही. संरक्षण आणि मालकी यांच्यामधला काळ जितका लांबेल तितका तो धन्याच्या उपयोगी पडतो. ही माझी या सर्व इतिहासातून बनलेली धारणा आहे, आणि पुढील घटना तिला दुजोरा देतात.

१९५४ साली रामकृष्णराव मंत्रिमंडळाने कायद्यात मूलगामी दुरुस्ती केली. वर्षाला सुमारे आठशे रुपये निव्वळ उत्पन्न देईल एवढ्या क्षेत्राला कुटुंबधारणा म्हणावयाचे, तिचे एकर मातीच्या व पाण्याच्या प्रतीप्रमाणे ठरवावयाचे, आणि अशा साडेचार धारणांपलीकडील जमीन धन्याकडे राहू द्यावयाची नाही, असे ठरले. अस्तित्वातील मालकीवर कमाल मर्यादा घालणारे हे देशातील आरंभीचे पाऊल होते. याच दुरुस्तीत ३८-ई हे कलम आले. सरकारने एखाद्या क्षेत्रासाठी तारीख जाहीर करताच तेथील संरक्षित कूळ, अर्ज-विनंतीवाचून, आपोआप मालक व्हावे, असे त्याचे सार होते. कुळाने येऊन हक्क मागावा ही अपेक्षाच येथे सोडून दिलेली होती, आणि म्हणून हे कलम सर्व कायद्याचा गाभा होते. एकच उणीव राहिली: तारीख जाहीर करणे सरकारच्या मर्जीवर होते.

आणि मग सरकारच तीन तुकड्यांत वाटले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित होऊन तेलंगणा आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसुरात गेले. एक कायदा, एकच यादी, पण तीन राज्ये. इतिहासाने जणू प्रयोगच मांडून दिला. मुंबई राज्याने १९५७ च्या मे महिन्यात मराठवाड्यासाठी तारीख जाहीर केली, आणि यादीतले जे कूळ तोवर तगून राहिले होते ते सात वर्षांच्या आत मालक झाले. तेलंगणात खम्मम जिल्हा व मुलुग तालुका एवढ्यापुरते हे कलम पूर्वीच लागू झाले होते. उरलेल्या सर्व मुलखासाठी तारीख जाहीर झाली १ जानेवारी १९७३ रोजी. त्या वेळी मुख्यमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव, बुर्गुलांचे अनुयायी आणि तेही पुण्या-नागपुरात शिकलेले, हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे. स्वतः भूधारक घराण्यातील हा पुरुष कमाल जमीनधारणेच्या कायद्यासाठी हट्टाने उभा राहिला, आणि जय आंध्र चळवळीच्या वादळात त्याच जानेवारीत त्यांचे पद गेले. त्यांच्या धडाडीचा मी आदर करतो. परंतु १९५१ च्या यादीला १९७३ मध्ये मालकी मिळते तेव्हा मधली बावीस वर्षे कोणाच्या हाती होती, हा प्रश्न त्या आदराने मिटत नाही. यादीतील अनेक कुळे तोवर निवर्तली होती, आणि अनेकांचा ताबा केव्हाच गेला होता. कर्नाटकातील तीन जिल्ह्यांना १९७४ च्या दुरुस्तीची व तिने स्थापन केलेल्या भूमी न्यायाधिकरणांची वाट पाहावी लागली.

या विलंबाची दाद अखेर न्यायालयाला घ्यावी लागली. मराठी व गोंडी बोलणाऱ्या लोकांची वस्ती असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या तहसीलदारांविरुद्धच्या एका प्रकरणात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८७ मध्ये असा निर्णय दिला की जाहीर तारखेस प्रत्यक्ष ताबा नसला तरी, कुळाचा हक्क रीतसर संपुष्टात आलेला नसेल तर, मालकी त्याच्याकडेच जाते. न्याय म्हणून हा निर्णय उंच आहे. पण १९५१ चे नाव १९८७ मध्ये शोधून काढावयाचे तर त्यासाठी वकील, नकला आणि दोन पिढ्यांचा धीर लागतो, आणि शहराजवळच्या गावांत तर ज्याने तो धीर धरला त्याच्या दारात जमिनीच्या व्यापाऱ्यांची गर्दी कशी उभी राहिली हे हैदराबादभोवती राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. जहागिरीचे निर्मूलन पूर्ण यशस्वी झाले. कुळाचे संरक्षण अर्धे. आणि त्या अर्ध्याचे जे काही मालकीत रूपांतर झाले ते मराठवाड्यात तेलंगणापेक्षा सोळा वर्षे आधी झाले. ज्या प्रदेशाने जमिनीसाठी रक्त सांडले त्यालाच तारखेसाठी अधिक थांबावे लागले, ही गोष्ट मनाला खटकते, आणि ती खटकलीच पाहिजे.

दुसरा प्रश्न मातीचा व पाण्याचा. काँग्रेसने नेमलेल्या अखिल भारतीय भूसुधारणा समितीचे अध्यक्ष जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत राहणारे होते, आणि त्यांच्या समितीचा अहवाल हैदराबादच्या कायद्याच्या आदल्याच वर्षी, १९४९ मध्ये, आला. कुमारप्पांच्या विचारात जमिनीची मालकी व जमिनीचा वापर या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू होत्या. कोणत्या गावाला काय खावयास हवे, त्यानुसार कोणते पीक किती जमिनीवर घ्यावे आणि मातीचा कस कसा राखावा, हे ठरविल्यावाचून जमीन वाटणे त्यांना अपुरे वाटे. हैदराबादच्या कायद्याने त्यांची पहिली बाजू उचलली. दुसरीच्या नावाने त्यात पडीक राखलेली जमीन सरकारी व्यवस्थेखाली घेण्याची तरतूद होती, आणि पुढे १९५६ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला. पण पाण्याविषयी कायदा मूक राहिला.

तेलंगणातील शेती तलावांवर उभी होती. काकतीयांच्या काळचे रामप्पा, पाखाल, लकनावरम हे मोठे तलाव प्रसिद्ध आहेत, पण खरा आधार गावोगावच्या हजारो लहान तलावांचा व कुंट्यांचा होता. फुटका तलाव स्वखर्चाने दुरुस्त करणाऱ्यास त्याखालील वसुलीत हिस्सा देण्याची दस्तबंदाची पद्धत होती, आणि गावचा नीरडी ओळीने कालव्याचे पाणी सोडत असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. गाळ काढण्याची पाळी वेठीने येई आणि पहिले पाणी देशमुखाच्या शेतात जाई. पण ती व्यवस्था होती. जहागीर गेली, इनामे गेली, वेठ गेली, आणि हे सर्व जावयासच हवे होते. मात्र तलावाचा बांध कोणी राखावा हे काम कोणाच्याही नावे लिहिले गेले नाही. तलावाच्या तळाच्या शिकम जमिनींवर नांगर फिरला, पुढे घरे उठली, आणि शेतकरी एकट्याने विहीर व नंतर बोअर खणू लागला. राज्यनिर्मितीनंतर २०१५ मध्ये तेलंगण सरकारने शेहेचाळीस हजारांहून अधिक तलावांच्या दुरुस्तीचे मिशन काकतीय हाती घेतले, ते याच रिकाम्या राहिलेल्या जागेला उशिरा दिलेले उत्तर होते.

मराठवाड्यात तलाव थोडे, विहिरी अधिक. काळ्या रेगुरात ज्वारी, तूर, कापूस अशी कोरडवाहू पिके घेणारा नवा मालक जेव्हा थोडा सावरला, तेव्हा त्याला वीज मिळाली, मोटार मिळाली आणि साखर कारखान्याने उसाला खात्रीचा भाव दिला. जमिनीखालचे पाणी ज्याची जमीन त्याचे, ही समजूत कोणत्याही जमीनसुधारणेने बदलली नाही. एका जहागीरदाराची सत्ता जाऊन हजार बोअरांची सत्ता आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. लातूर पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे, ज्या जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत निजामांचे सर्फ-ए-खास होते. तेथील जमिनीचा धनी बदलला हे निःसंशय चांगले झाले. पण जमीन कसणाऱ्याच्या हाती सोपविताना भूजलाची वाटणी गावाच्या हाती सोपविली असती तर मांजरा खोऱ्यातील पिकांची रचना निराळी झाली असती, असे मला मनापासून वाटते.

आणि ज्यांचे नाव कुळाच्या यादीतही नव्हते, त्या भूमिहीनांना काय मिळाले? मराठवाड्यात त्यांना प्रामुख्याने गायरान मिळाले, तेही झगडून. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले, आणि पडीक व गायरान जमिनीची मागणी राष्ट्रीय झाली. गायरान वाटल्याने गावची गुरे कोठे चरतील, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला, आणि तो पर्यावरणाच्या दृष्टीने खोटा नव्हता. परंतु कमाल धारणेवरची अतिरिक्त जमीन ज्या गावात निघतच नाही, त्या गावात दलिताला गायरानावाचून दुसरे काय उरते? सामायिक जमिनीचा ऱ्हास झाला त्याचा दोष ज्याने दोन एकर गायरान मागितले त्याच्यावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. तो दोष खाजगी जमीन सुटू न देणाऱ्यांकडे जातो.

या इतिहासाचे शेवटचे पान अलीकडचे आहे. २०१८ मध्ये तेलंगण सरकारने रयतु बंधू योजना सुरू केली आणि पट्टेदाराला दर एकरी, दर हंगामी चार हजार रुपये देण्यास आरंभ केला. पैसा ज्याच्या नावे पट्टा त्याला मिळाला. जो तोंडी कराराने कसतो, ज्याला तेलुगूत कौलुरैतु म्हणतात, तो योजनेबाहेर राहिला. अविभाजित आंध्रात २०११ साली अशा कसणाऱ्यांना ओळखपत्र देणारा कायदा झाला होता, आणि तो तेलंगणाच्याही वाट्याला आला होता. परंतु त्याच्या आधाराने नवी यादी करण्याचे काम तेथे मागे पडले. जमिनीची संगणकीय नोंदवही, धरणी, २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा १९५४-५५ च्या खासरा पहाणीत असलेला कसणाऱ्याचा रकाना तिच्यातून गेला. हिमायतनगरात मख्दूम भवनातील शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते त्यानंतर ज्या मागण्या मांडत राहिले त्यांत कौलुरैताचे नाव पुन्हा नोंदवावे ही मागणी होती, म्हणजे १९५० च्या जूनमध्ये सरकारने एकदा मान्य केलेलीच गोष्ट.